शंभर किलो ओली हळद वाळून किती भरते?

“रांधायचंच शिकायचं तर परभणीला कशाला? घरी काय कमी हाय?”

हिंगोली जिल्ह्यातले हळदीचे शेतकरी मुलीला घेऊन समुपदेशनाला आले, ते हा प्रश्न घेऊनच. मुलगी बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. हीट अँड मास ट्रान्सफरचा, म्हणजे उष्णता आणि ओलावा इकडून तिकडे कसे जातात या विषयाचा, पेपर राहिला होता. “मला गणित जमत नाही, मी सोडते,” एवढंच ती बोलली. ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. ती खरं तर दोन काळज्यांची असते. वडिलांना शिक्षण कळलेलं नसतं आणि लेकीला ते आपल्या आवाक्याबाहेरचं वाटत असतं.

वडिलांचा गैरसमज लवकर दूर झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून सुरू आहे, आणि तिथे पाककृती शिकवत नाहीत. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरलं की रोगजंतू का मरतात, पाइपमधून घट्ट रस ढकलायला किती ताकदीचा पंप लागतो, शीतगृहातून दर तासाला किती उष्णता काढावी लागते, असा हा अभ्यास आहे. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, मग तो टिकवायचा कसा, हाही त्यातलाच प्रश्न.

लेकीसाठी मात्र वही उघडावी लागली. अडलेलं गणित असं होतं: १०० किलो ओल्या हळदीत ८० टक्के पाणी आहे, ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली, तर वजन किती राहील? तिने ८० मधून १० वजा केले, ७० किलो पाणी उडालं असं धरलं आणि उत्तर लिहिलं ३० किलो.

वडील वहीत डोकावले. “तीस? बावीस भरली तरी देवाला नारळ फोडतो आम्ही.”

बावीस हेच बरोबर उत्तर होतं. चूक कुठे झाली ते बघा. शेवटचे १० टक्के वाळलेल्या हळदीच्या वजनाचे आहेत, सुरुवातीच्या शंभर किलोंचे नाहीत. अशा गणितात न बदलणारी गोष्ट आधी पकडायची. हळदीतला घन भाग २० किलो, तो उडून जात नाही. वाळल्यावर तोच ९० टक्के होतो. २० ला ०.९ ने भागलं की २२.२ किलो. म्हणजे पाणी गेलं ७७.८ किलो. ६० अंशांना एक किलो पाणी उडवायला साधारण २,३६० किलोज्यूल लागतात, म्हणून एकूण सुमारे १,८३,६०० किलोज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणून ३,६०० ने भागा: ५१ युनिट वीज. प्रत्यक्ष ड्रायरला याहून बरीच जास्त लागते, कारण बाहेर पडणारी गरम हवा उष्णता घेऊन जाते. उन्हाचं मोल किती, ते या एका आकड्यात दिसतं. वडील तो आकडा बराच वेळ पाहत राहिले.

या विषयात नापास होणारी बहुतेक मुलं गणितात कच्ची नसतात. ती आकृती न काढता थेट सूत्रात आकडे भरतात. म्हणून तिला पद्धत दिली ती एवढीच: आधी चौकोन काढायचा, आत काय येतं आणि बाहेर काय जातं ते बाणांवर लिहायचं, ओलावा ओल्या वजनावर दिलाय की कोरड्या, हे तपासायचं (८० किलो पाणी शंभर किलो ओल्या हळदीच्या ८० टक्के, पण २० किलो घन भागाच्या ४०० टक्के), आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचंच. ज्यूल-किलोज्यूल आणि तास-सेकंद यांच्या घोळात निम्मे मार्क जातात. रोज दोनच गणितं, पण पुस्तक मिटून. हे टाळून पुढे जाता येत नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये फूड टेक्नॉलॉजी घेतली तरी इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स सक्तीचं आहे.

नोकरीचं थोडक्यात: सुरुवात बहुधा उत्पादनात किंवा क्वालिटीत होते, शिफ्ट असते, दिवसभर उभं राहावं लागतं. मुलीला आणि घरच्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

निघताना वडिलांनी विचारलं, “मागल्या साली वरून खडखडीत वाळलेली हळद पोत्यात बुरसली. काहून?” उत्तर लेकीनेच दिलं. “थर जाड होता बाबा, उलथापालथ कमी झाली. वरचं वाळलं, आतला ओलावा तसाच राहिला. पोत्यात तो बाहेर आला.” मग तिनेच विचारलं, “भरण्याआधी हळकुंड मोडून पाहिलं होतं का? कट्कन आवाज आला होता का?”

“ढिगाच्या वरचंच मोडलं होतं,” वडील म्हणाले.