पावसाळा वगळून केलेली मोजणी

प्रश्न : आमच्या गावावरून (जि. रत्नागिरी) नव्या महामार्गाची आखणी झाली असून पुढच्या महिन्यात जनसुनावणी असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली आहे. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल शेकडो पानांचा व इंग्रजीत आहे. शेतकऱ्याने त्यात काय पाहावे? सुनावणीत बोलून काही उपयोग होतो का?
– एक वाचक

उत्तर : उपयोग होतो, मात्र मोघम विरोधापेक्षा जागा दाखवून घेतलेल्या हरकतीचा अधिक. पर्यावरणीय परिणाम तपासण्याबाबत केंद्र सरकारने काढलेल्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही करावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो.

सारांशावर थांबू नका. मूळ अहवालात हवा, पाणी व आवाजाची मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, ते आधी शोधा. सहसा पावसाळा वगळून एकाच हंगामाची मोजणी पुरेशी धरली जाते. कोकणासाठी ही फार गंभीर उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे. मार्चमध्ये जो पऱ्या (ओहोळ) कोरडा दिसतो, तोच जुलैत बांध ओलांडून खाचरांत शिरतो. त्यावर भराव टाकून खाली अपुऱ्या पाइपाची मोरी ठेवली, तर वरच्या अंगाची लावणी पाण्याखाली कुजते आणि खालच्या अंगाची खाचरे कोरडी पडतात. हे तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी पाहता. मोजणीला उन्हाळ्यात आलेल्याला ते दिसत नाही.

म्हणून प्रत्येक पऱ्या, झरा आणि गुरांची वाट आखणीच्या नकाशावर साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर दाखवणारा आकडा) नोंदवा, पुराचे पाणी कुठवर चढते ते लिहा आणि पावसाळ्यातले फोटो असल्यास तारखेसह जोडा. भरावाची माती कोणत्या डोंगरातून येणार आणि डोंगरकापणीची माती कुठे टाकणार, हेही विचारा. आराखडे बदलतात : पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट मोकळी ठेवली आहे आणि तिथून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत.

हरकत लेखी द्या व पोच घ्या. सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून समजावून सांगणे बंधनकारक आहे. तोवर सभागृह सोडू नका. आपला मुद्दा त्यात नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होण्यापूर्वीच उभे राहून तो नोंदवून घ्यायला लावा, कारण नोंदलेल्या महत्त्वाच्या हरकतींची दखल प्रकल्पकर्त्याला अंतिम अहवालात घ्यावी लागते.