नाशिकला यूएनची मीटिंग असली आणि परदेशी पाहुण्याने गंगापूर रोडला गाडीने कुणाला ठोकलं तर पोलीस पकडू शकतात का?

पाहुणा कोण, त्यावर आहे सगळं. १९४६ चा यूएनचा करार आपण १९४७ च्या कायद्याने लागू केलाय, त्यात दुसऱ्या देशाचा प्रतिनिधी मीटिंगचं काम करताना आणि येता-जाता अटक होत नाही, पण यूएनचा साधा कर्मचारी असेल तर फक्त ऑफिसच्या कामापुरतं संरक्षण, म्हणजे संध्याकाळी वायनरीत जाऊन येताना ठोकलं तर ते काही ऑफिसचं काम नाही ना भाऊ! शिवाय कर्मचाऱ्याचं संरक्षण महासचिव काढूनही घेऊ शकतात. भारताचाच प्रतिनिधी असेल तर इथे त्याला काहीच सूट नाही. यूएनबाहेरची संस्था असेल तर तिला हे संरक्षण देणारं केंद्राचं नोटिफिकेशन निघालंय का ते बघा, नुसतं नावात इंटरनॅशनल असून भागत नाही.