आईला व्यासपीठावर बसायचे नाही

पेडणे तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वडील गोवा मुक्तीनंतर बेळगावला जाऊन सैन्यात भरती झाले आणि १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर कामी आले. तेव्हा त्या चौदा महिन्यांच्या होत्या आणि थोरला भाऊ चार वर्षांचा होता. आता पंचायतीने गावच्या तिठ्यावर वडिलांचा अर्धपुतळा बसवण्याचा ठराव घेतला आहे. अनावरण १९ डिसेंबरला व्हायचे आहे आणि वीरनारी म्हणून आईने व्यासपीठावर बसावे, अशी सर्वांची अपेक्षा आहे. सत्त्याहत्तर वर्षांच्या आईने ‘थंय माका बसवू नकात’ एवढे सांगून विषय संपवला. भाऊ रागावला आहे, आणि बाईला नवऱ्याच्या बलिदानाची किंमत नाही, अशी कुजबुज गावात सुरू झाली आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : ‘आईला कसे समजवावे? आणि मला मात्र तो पुतळा मनापासून हवा आहे, हे चुकीचे आहे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही अगदी शेवटी आणि जरा संकोचाने विचारला आहे. तुम्हाला पुतळा हवा वाटतो, यात चुकीचे काहीही नाही. तुमच्या आईला वडिलांची चाल, त्यांचा आवाज, त्यांची जेवतानाची बसण्याची जागा आठवते; तुमच्याकडे यांपैकी काहीच नाही. ज्या मुलीने वडिलांना पाहिल्याची आठवणच नाही, तिला त्यांच्यासाठी निदान एक जागा असावी, जिथे जाऊन उभे राहता येईल, असे वाटणे अतिशय स्वाभाविक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यासोबत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. दीव तेव्हा गोव्यासह आपल्याच केंद्रशासित प्रदेशाचा भाग होते. आज तिथे समुद्राकडे तोंड करून स्मारक उभे आहे. ज्यांचे पार्थिव समुद्राने परत दिले नाही, त्यांच्या मुलाबाळांना त्या दगडाचा किती आधार असेल, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

तुमच्या वडिलांचे पार्थिवही घरी आले नव्हते, फक्त तार आली होती, असे तुम्ही लिहिले आहे. आजच्या तरुणांना हे विचित्र वाटेल, कारण तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, गावच्या वेशीवर जमलेली गर्दी आणि बंदुकांची सलामी हे चित्र आपल्या मनात पक्के झाले ते १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्यापूर्वीच्या युद्धांत जवानांवर बहुधा आघाडीच्या जवळपासच अंत्यसंस्कार होत असत. म्हणजे तुमच्या आईने पंचविशीच्या आत, कडेवर एक मूल आणि पदराला धरलेले दुसरे असताना, केवळ एका कागदावर विश्वास ठेवून कुंकू पुसले. तेव्हा तिच्या दारात बंदुकांची सलामी झाली नाही, कोणी भाषण केले नाही. तिने आपले दुःख कसे वाहायचे, हे स्वतःच शोधून काढले आणि पन्नासहून अधिक वर्षे ते तसेच वाहिले. आता गाव तिला कारगिलनंतरच्या पद्धतीचा सन्मान देऊ पाहते आहे. गावाची भावना खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तो सन्मान ज्या बाईला हवा होता, ती बावीस-तेवीस वर्षांची होती.

तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की आई स्मरण म्हणून काहीच करत नाही, ‘फक्त पितृपक्षातल्या चतुर्दशीला पान वाढते आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नाही’. ताई, ती चतुर्दशी कशाची असते, हे एकदा पंचांगात पाहा. शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धासाठी आपल्या परंपरेने वद्य पक्षातला तो एक दिवस वेगळा राखून ठेवला आहे. लढाईत पडलेल्यांचा स्मृतिदिन आपल्या घरांत फार जुना आहे, आणि तुमची आई तो दरवर्षी न चुकता पाळते. तिला नवऱ्याच्या बलिदानाची किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही चतुर्दशी किती वेळा लक्षात ठेवली, हा प्रश्न मला पडतो.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही ते सहज, ओघात लिहिले आहे. गेल्या वर्षी भावाने पंचायतीला आईवडिलांच्या लग्नाचा फोटो दिला, कारण वडिलांचा स्वच्छ दिसणारा दुसरा फोटो घरात नव्हता. त्यातला त्यांचा चेहरा मोठा करून तिठ्यावर फ्लेक्स लावला गेला, आईच्या शालूचा काठ तेवढा एका कोपऱ्यात राहिला, आणि तो फ्लेक्स पावसाळाभर तिथेच लोंबकळत फाटला. त्याच तिठ्यावरून आई रोज देवळात जाते. तिचा नकार पुतळ्याच्या ठरावानंतर आला, असे तुम्ही समजता. मला वाटते, तो त्या पावसाळ्यात तयार झाला. आपल्या लग्नाच्या फोटोतून आपल्यालाच कापून काढलेले तिने रोज पाहिले. ज्या स्मरणात आपल्याला जागा नाही, त्याची शोभा वाढवण्यासाठी व्यासपीठावर बसायला तिने का यावे?

हे केवळ आजच्या फ्लेक्सचे वैगुण्य नाही. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, ठेवलेले आहेत. खालच्या पट्टीत लढाई, मध्ये वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची साधारण मांडणी असते. पुष्कळ वीरगळांवर तर नावही नसते. त्यांच्या शेजारी सतीशिळा असतात, बांगड्या भरलेला उभारलेला हात कोरलेल्या. दगड कोरला गेला तो लढून मेलेल्या पुरुषाचा आणि त्याच्यामागे जळून गेलेल्या स्त्रीचा. जी मागे राहिली, जिने शेत राखले, मुले शिकवली, म्हातारे सासूसासरे सांभाळले, तिच्यासाठी आपल्या पूर्वजांनी दगड उभा केल्याचे मला कुठे आढळलेले नाही. व्यासपीठावरच्या शाल-श्रीफळाने ती उणीव भरून निघत नाही, कारण तिथेही ती ‘त्यांची पत्नी’ म्हणूनच बसते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या, घरटी सैनिक असलेल्या गावात अशा बायका निदान एकमेकींच्या शेजारी बसतात. तुमच्या आईला तिथे एकटीने बसावे लागणार आहे आणि सारे गाव तिच्या चेहऱ्याकडे पाहणार आहे.

म्हणून आईला समजवू नका. स्वतः कुठे बसायचे, हा निर्णय तिचा आहे आणि तो झालेला आहे. भावालाही हेच सांगा, आणि गावाला उत्तर तुम्ही दोघांनी द्या : आई येणार नाही, आम्ही येऊ. याहून अधिक खुलासा कोणालाही देणे लागत नाही. कार्यक्रमाला तुम्ही अवश्य जा, पुढच्या रांगेत बसा, डोळे भरून आले तर येऊ द्या.

अनावरणाची तारीखही आईला खटकते, पण त्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. १९ डिसेंबर हा १९६१ मधल्या मुक्तीचा दिवस. तुमचे वडील त्यानंतर दहा वर्षांनी दुसऱ्याच युद्धात गेले, त्यामुळे ही सांगड आईला खटकणे रास्त आहे. तरीही सतराव्या वर्षापर्यंत पोर्तुगीज राजवटीत वाढलेला पेडण्याचा एक मुलगा, मुक्तीनंतर बेळगावला जाऊन भारताच्या सैन्यात दाखल होतो आणि दहा वर्षांत त्या देशासाठी प्राण देतो, ही गोष्ट त्या दिवशी शाळेतल्या मुलांना कोणीतरी सांगायलाच हवी. मात्र दोन्ही युद्धांची वर्षे वेगवेगळी, स्पष्ट सांगितली जावीत, एवढी अट पंचायतीला घाला. शिवाय पुतळ्याऐवजी साधी शिळा बसवता येईल का, हेही विचारा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, स्वातंत्र्यानंतर लढताना पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. तिथे एवढ्यांसाठी नाव पुरेसे मानले आहे. वडिलांचे नाव तिथे शोधून या. शिळा ठरली, तर चेहऱ्यासाठी फोटोची गरजच पडणार नाही.

आईविषयी माझी एकच तक्रार आहे, आणि ती तुमच्या बाजूने आहे. गावाचे ती काहीही देणे लागत नाही, पण तुमचे लागते. वडील कसे होते, हे तिने तुम्हाला कधी सांगितले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते पुतळ्याची तुमची ओढ बरीचशी इथून आलेली आहे. येत्या चतुर्दशीला तुम्ही आदल्या रात्रीच माहेरी जा, स्वयंपाकात हात द्या आणि पानावर वडिलांच्या आवडीचे काय वाढायचे, एवढेच विचारा. व्यासपीठाचे नाव काढू नका. ती त्या दिवशी बोलणार नाही कदाचित. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा.

आणि भावाने पंचायतीला दिलेला तो लग्नाचा मूळ फोटो आईकडे परत आला की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. आला नसेल, तर तिला आणखी काहीही विचारण्यापूर्वी तो आणून द्या.