वाचक विचारतात: उन्हाळी सागरी संशोधन

प्रश्न: प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात सागरी संशोधनाची इंटर्नशिप करायची आहे, पण पोहता येत नाही आणि बोटीवरही कधी गेले नाही. अर्जात लिहिणार तरी काय?

पोहण्याची चिंता सोडा. डायव्हिंगचे प्रकल्प वगळले तर बहुतेक काम प्रयोगशाळेच्या ओट्यावर आणि संगणकापुढे चालते. अर्जांची मुदत मात्र चार-सहा महिने आधीच संपते, आणि शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान तीन आठवडे द्यावे लागतात. पात्रतेच्या अटी सर्वांत आधी वाचा. अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘आरईयू’ (पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या) जागा फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. इतरांनी त्यावर वेळ घालवू नये.

‘मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे’ हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी हातचे काम दाखवा. आर्गो प्रकल्पाची तरंगती यंत्रे साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलीवरून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात, आणि ती माहिती सर्वांना फुकट मिळते. एका यंत्राची वर्षभराची माहिती उतरवून घ्या, गुणवत्ता-खूण १ असलेल्याच, म्हणजे चांगल्या ठरलेल्या, नोंदी ठेवा आणि खोलीनुसार तापमानाचा आलेख काढा. नोंदींत खोलीच्या जागी पाण्याचा दाब असतो, तोही डेसिबार या एककात. वरच्या थरांत १ डेसिबार म्हणजे जवळजवळ १ मीटर. आलेखातली एखादी न उलगडणारी गोष्ट पत्रात दोन ओळींत मांडा. आठ-दहा आठवड्यांत एखादा छोटा प्रश्नच तडीस जातो, आणि तसा प्रश्न तुम्हाला सुचतो का, हेच निवडणारे बघतात.

प्रश्न: इंटर्नशिप सुरू आहे. एकाच बाटलीतल्या पाण्याचे तीन नमुने गाळले, तरी क्लोरोफिलचे आकडे जुळत नाहीत. क्लोरोफिलची चमक मोजणारा फ्लुओरोमीटर बिघडला असेल का?

यंत्रावर सर्वांत शेवटी संशय घ्या. वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ज्यांत हे क्लोरोफिल असते) तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी ओतण्याआधी बाटली हलक्या हाताने उलटसुलट केली होती का? घाईत पंपाचा जोर वाढवला की पेशी फुटतात आणि रंगद्रव्य गाळणीतून निसटते. पंपाची ओढ २०० मि.मी. पाऱ्याच्या दाबापुढे नेऊ नका. जीएफ/एफ (काचतंतूंच्या) गाळणीत पाणी राहिले तर क्लोरोफिल विरघळवून काढणारे ९० टक्के ॲसिटोन पातळ होते, तेव्हा शेवटचा थेंब ओढला गेल्यावरच पंप बंद करा. मग गाळणी हिरवी बाजू आत घेऊन दुमडा आणि फॉइलमध्ये गुंडाळा. ॲसिटोनमध्ये उतरणारा अर्क फ्रीजमध्ये, अंधारात, साधारण २४ तास ठेवा. झाकण सैल राहिले की ॲसिटोन उडते आणि आकडा फुगतो. नळ्या काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्याच हव्यात. पॉलिस्टायरीनची नळी ॲसिटोनमध्ये दुधाळ होते, मग तुम्ही क्लोरोफिल मोजता की प्लास्टिक, देव जाणे. नुसत्या ॲसिटोनचा आणि कोऱ्या गाळणीचा आकडाही रोज नोंदवा. एवढे करूनही फरक राहिला तर तो पाण्याचा असू शकतो. तिन्ही आकडे वहीत ठेवा, नावडता खोडू नका.

प्रश्न: समुद्राच्या ठरावीक खोलीवरचे पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटलीतून पहिला नमुना कशाचा घ्यायचा?

विरघळलेल्या ऑक्सिजनचा, कारण बाटलीत हवा शिरताच तो बदलू लागतो. नळी नमुन्याच्या बाटलीच्या तळापर्यंत घाला, बुडबुडे येऊ देऊ नका आणि दोन-तीन बाटल्यांइतके पाणी वरून वाहून जाऊ द्या. क्षारतेचा नमुना शेवटी घेतला तरी चालतो.