प्रोजेक्ट सांभाळता येईल का, हे कसं तपासायचं?

प्रश्न : महापे एमआयडीसीत इंजिनीअर आहे. पुढच्या वर्षी स्वतंत्र प्रोजेक्ट मिळेल असं साहेब म्हणतात. मी कुठे कमी पडतो हे कसं ओळखू? लगेच पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र करावं का? – एक वाचक, घणसोली

उत्तर : नियोजन, खर्च, जोखीम, माणसं सांभाळणं अशा प्रत्येक कौशल्याला पाचपैकी गुण द्या, पण शेजारी गेल्या सहा महिन्यांतला पुरावा लिहा. पुरावा आठवत नसेल तर आकडा खोडा. हाच तक्ता साहेब, एक सहकारी आणि एखादा व्हेंडर यांच्याकडूनही भरून घ्या. तुमच्या-त्यांच्या गुणांत दोनचा फरक दिसला, की तिथे खरं काम आहे.

अंदाज चुकणं ही बहुतेकांची दुखरी जागा. आजपासून प्रत्येक कामापुढे अंदाजे दिवस, लागलेले दिवस आणि उशिराचं कारण नोंदवा. ‘मटेरियल उशिरा आलं’ एवढं पुरत नाही. ड्रॉइंगला मंजुरी कधी मिळाली, पीओ (खरेदीची ऑर्डर) कधी निघाली, तेही लिहा. बऱ्याचदा उशीर कामात नसतो, मंजुरीची वाट पाहण्यात असतो, आणि ते दिवस वेळापत्रकात कुणी धरलेलेच नसतात.

तीन महिने एकच कौशल्य धरा. चालू प्रोजेक्टमधला छोटा भाग बजेटसकट मागून घ्या. नुसत्या फॉलोअपने निर्णय घ्यायची सवय लागत नाही.

पीएमपीची घाई नको. चार वर्षांच्या पदवीनंतरही त्याला प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. ते देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्याच सीएपीएम या सुरुवातीच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण मात्र हवं.