अनारशातली खसखस आणि सरकारी मदतीचा अर्ज

प्रश्न: टेनेसीत नॅशव्हिलला राहते, अमेरिकन नागरिक आहे. घटस्फोटानंतर नोकरीही गेली; सहा वर्षांचा मुलगा आहे. ‘फॅमिलीज फर्स्ट’ या गरजू कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या अर्जासोबत अमली पदार्थांची प्रश्नावली मिळाली. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात डॉक्टरांनी कोडीनचं (अफूच्या गटातलं) खोकल्याचं औषध दिलं होतं. घरात दिवाळीचे अनारसेही आहेत. प्रश्नावली कोरी ठेवली तर चालेल?

उत्तर: ताई, कोरी ठेवू नका. ती भरली नाही तर अर्ज तिथेच नामंजूर होतो. प्रश्न तीनच आहेत आणि ते मागच्या तीन महिन्यांपुरते: अमली पदार्थ घेतला का, त्यामुळे नोकरी गेली किंवा नाकारली गेली का, त्यावरून कोर्टात तारीख लागली का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर लघवीची चाचणी.

कोडीन दोन-तीन दिवसांत लघवीतून निघून जातं, त्यामुळे तुमचं औषध आता चाचणीत दिसणार नाही. जपायचं आहे ते तुमच्या लेखी उत्तराला. औषध लपवू नका. ‘डॉक्टरांनी दिलं’ असं तारखेसह लिहा. पुण्याच्या दवाखान्यातून सही-शिक्क्याची चिठ्ठी मागवा. तिच्यावर तुमचं नाव, औषध, मात्रा, तारीख हवी. इथल्या डॉक्टरांकडे ती नोंदवून घ्या. औषध दुसऱ्याच्या बाटलीतलं असतं तर मात्र हा बचाव टिकला नसता.

खरी काळजी खसखशीची. अनारशाच्या पाठीला लागलेल्या त्या दाण्यांवर खरोखरच मॉर्फिन, म्हणजे अफूतलाच अमली पदार्थ, असतं. पहिली चाचणी चुकली तर दुसरी, अधिक नेमकी चाचणी ती चूक पकडते, असं सगळे धरून चालतात. इथे उलटं होतं: दुसरी चाचणीही मॉर्फिनच दाखवते, कारण ते असतंच. तेव्हा चाचणीची शक्यता असेपर्यंत अनारसे, खसखशीची खीर, खसखस वाटून केलेला रस्सा, सगळं बंद. नमुना देण्याआधी काही खाल्लं असेल तर सांगा आणि प्रयोगशाळेची मर्यादा, म्हणजे किती मॉर्फिन सापडलं की निकाल विरुद्ध जातो, ते विचारा. मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम आणि 2,000 नॅनोग्रॅम यांत फार अंतर आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोकरीच्या चाचण्यांसाठी मर्यादा 1998 मध्ये 2,000 वर नेली, ती खसखशीसारख्या कारणांमुळेच.

निकाल विरुद्ध गेला तरी मदत लगेच बंद होत नाही. उपचार घेतले तर ती चालू राहते; नाकारले तर सहा महिने तुम्ही अपात्र. मुलाचा वाटा मात्र तोडत नाहीत, तो दुसऱ्या विश्वासू व्यक्तीच्या हाती देतात. ती व्यक्ती कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा. फूड स्टॅम्पला (खाद्यपदार्थ घेण्यासाठीच्या सरकारी मदतीला) ही चाचणी लागू नाही. तो अर्ज वेगळा आणि आजच करा.

फ्लोरिडाचा कायदा कोर्टाने रद्द केला, तसं इथे होईल का, असं अनेक जण विचारतात. तिथे संशय नसताना प्रत्येक अर्जदाराची चाचणी होत होती. 4,046 चाचण्यांत 108 जण सापडले. 2014 मध्ये अपील कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. टेनेसी त्या कोर्टाच्या हद्दीत नाही आणि इथे आधी प्रश्नावली आहे, म्हणून त्या निकालाच्या भरवशावर प्रश्नावली नाकारू नका.

नकाराचं पत्र आलं तर पाकिटासकट जपा, त्यावरची अपिलाची मुदत पाहा, लेखी सुनावणी मागा आणि मागितल्याची पोच घ्या.