काहीच कमी नाही, तरी जीव रमत नाही

ताई,

डी.एड. झालेलं, नवरा समजूतदार, घरी आठ एकर वावर. तरी 'आयुष्य असंच निघून जाईल' असं वाटतं, आणि सासूबाई म्हणतात, "काय कमी हाये तुले?" आपणच कृतघ्न आहोत का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. कालचा दिवस कसा गेला आणि एकूण आयुष्य कसं चाललंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेकरं हसली की पहिल्याचं उत्तर चांगलं येतं. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र आपल्याला काय करता आलं असतं, हेही माणूस मोजतो.

हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेली आयुष्य मोजायची शिडी वहीत काढा. तळाची पायरी शून्य, म्हणजे सगळ्यात वाईट आयुष्य; वरची दहा, म्हणजे सगळ्यात चांगलं. आज कुठे आहात, पाच वर्षांनी कुठे असाल, दोन आकडे लिहा. आजचा आकडा मोठा आला तरी त्यावर विसंबू नका. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हे नीट दाखवलंय की वर्षानुवर्षं अडलेली माणसं अपेक्षाच लहान करून घेतात आणि बरं चाललंय म्हणतात. बायकांचं तर हे फारच होतं.

आता शिडीशेजारी अडचणी लिहा: पैसा, प्रवास, परवानगी, वेळ. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण संध्याकाळी गावाकडे गाडीच नसेल तर ती सवलत तुमच्या हाती येत नाही. टीईटीचं, म्हणजे शिक्षक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचंही तसंच. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, १५० पैकी खुल्या गटाला ९० गुण लागतात, नवरा फी भरायलाही तयार आहे. "आम्ही कुठं अडवलं?" हे घरच्यांचं म्हणणं खरंच आहे. पण सकाळचा डबा, निंदण, वेचणी तुमच्याचकडे राहिली तर अभ्यास होणार कधी? तुमच्या पत्रावरून खरी अडचण वेळेचीच दिसते.

म्हणून परवानगी मागू नका, रोजचे दोन तास मागा, आणि त्या वेळात पोळ्या कोण टाकेल हे नाव घेऊन ठरवा. सुरुवात दिवाळीत नको, तेव्हा कापूस फुटलेला असतो. वेचणी आटोपल्यावर करा.

किती वेळा परीक्षा द्यायची तेही आधीच ठरवा. मी दोनदा म्हणेन. टीईटी झाली तरी शिक्षकभरती कधी निघेल ते आपल्या हाती नाही, आणि नुसती वाट पाहण्यात वर्षं गेली की माणूस आणखी खचतो. तोवर गावातल्या पोरांची संध्याकाळची शिकवणी सुरू ठेवा. चार पोरं आली तरी पुरे, फी महिन्याच्या महिन्याला घ्या आणि ती तुमच्याच खात्यात टाका.